दीड मणाचा माणूस

"बोलत राहा जी, वकीलसाहेब. बोलनं तुटलं का समजा, जास्त धावून राह्यले."

हे वाक्य मी जितक्या वेळा ऐकलं तितक्या वेळा न्यायाधीशांचं "पुढची तारीख"सुद्धा ऐकलं नसेल. सांगणारा माझ्या शेजारून धावत असे. धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, पायांत टायरच्या चपला, वय पन्नाशीच्या पुढे. बोलण्याआधी तो उजवा तळहात आडवा धरायचा, जरा इकडे कलवायचा, जरा तिकडे कलवायचा, आणि हात अगदी सपाट झाला की मगच तोंड उघडायचा. ही सवय त्याला धंद्यानं लावली होती. अकोल्याच्या कापूस बाजारात तो मापारी होता. कापसाची वजनं करण्यात त्याची तीस वर्षं गेली होती.

या माणसाला नाव होतं, पण ते कुणी वापरत नसे. सगळा बाजार त्यांना मापारीभाऊ म्हणे, म्हणून मीही म्हणतो. तुमच्याही गावात असा एखादा माणूस असेल, ज्याचं काम हेच त्याचं नाव झालेलं असतं. तो गेल्यावर कळतं की आपल्याला त्याच्याबद्दल बाकी काही ठाऊकच नव्हतं.

आमची पहिली गाठ पडली ती कोर्टात. कापसाच्या मापात खोट आली असं माझ्या अशिलाचं म्हणणं होतं, आणि मापारीभाऊ समोरच्या पक्षाचे साक्षीदार होते. मी पाऊण तास त्यांची उलटतपासणी घेतली. तुमचा काटा खोटा आहे, हे मी चार परींनी वदवून घ्यायचा प्रयत्न केला. चारही वेळा त्यांनी तळहात सपाट केला आणि एकाच पट्टीत उत्तर दिलं, "काटा खरा हाये, साहेब." मी दावा हरलो, हे वेगळं सांगायला नको.

बाहेर पायऱ्यांवर मी कठड्याला धरून उभा होतो. ते जवळ आले. मला वाटलं, आता टोमणा मारणार. ते हळूच म्हणाले, "राग नका मानू. चौथ्या खेपेले प्रश्न इचारतानी तुमचं बोलनं मधातच तुटलं. उभ्या उभ्या दम लागून राह्यला तुमाले."

मला राग आलाच. पण त्याहून जास्त भीती वाटली, कारण माझे वडील याच पायऱ्यांवर कोसळले होते. तेही वकील, तेही अंगानं माझ्यासारखेच भरलेले, आणि वय फक्त बेचाळीस. मी तेव्हा छत्तीस वर्षांचा होतो. मला दोन मुली होत्या, थोरली तिसरीत. अमरावतीला माझा एक शाळासोबती डॉक्टर होता, त्यानं नुकतंच मला काट्यावर उभं करून बजावलं होतं की वीस शेर अंग उतरव, नाहीतर मुलींची लग्नं वहिनींना एकटीनं करावी लागतील. उतरव म्हणणारे पुष्कळ भेटले होते. कसं उतरवायचं ते कुणी सांगत नव्हतं. आमच्या घरात तुपात बुडवलेले रोडगे आणि वर तेल ओतलेला गोळाभात हे पोटासाठी नसून प्रतिष्ठेसाठी असत, आणि प्रतिष्ठा मी भरपूर राखून होतो.

मापारीभाऊंनी मला रविवारी बाजारात बोलावलं.

रविवारी कापूस बाजार बंद असे. शेडमध्ये तो अजस्र काटा टांगलेला होता, दोन्ही बाजूंना साखळ्यांवर लाकडी फळ्यांची पारडी. त्याच सुमाराला शेर-मण जाऊन किलो आले होते, आणि किलोची नवी वजनं कचेरीत कुलपात असत. जुनी वजनं बाद होऊन कोपऱ्यात गंजत पडली होती. त्यांतली बरीचशी लोकांनी दाराला टेकू म्हणून नेली होती. उरली होती वीस शेरांची एक अधमणी आणि पाच पाचशेऱ्या. मी एका पारड्यात मांडी घालून बसलो. दुसऱ्यात त्यांनी ते सगळं लोखंड टाकलं. माझं पारडं जमिनीवरून हललंसुद्धा नाही.

"आता मी बसतो," ते म्हणाले. "मी पक्का दीड मन हावो, साठ शेर. लग्नाच्या साली भरलो होतो, दीड मन. त्याच्यानंतर दहा-बारा खेपा भरलो, दीड मन. माह्यात पावशेराचा फरक पडत नाई."

बाजारात हे सगळ्यांना ठाऊक होतं. एखादं वजन हरवलं तर हमाल हाक मारायचे, मापारीभाऊ, जरा पारड्यात बसा. त्यांना त्याचा कोण अभिमान होता. अधमणी पायांशी आणि पाचही पाचशेऱ्या मांडीवर घेऊन ते समोरच्या पारड्यात चढले, तेव्हा कुठं मी जमिनीपासून सुटलो आणि दांडी सरळ झाली. एकशेपाच शेर. सगळं बाद लोखंड आणि एक धट्टाकट्टा माणूस मिळून मी झालो होतो. आम्ही दोघं अधांतरी झुलत एकमेकांकडे पाहत होतो आणि दोघांनाही हसू आवरत नव्हतं.

मांडीवरच्या पाचशेऱ्यांना ते पोरं म्हणायचे. "हे पाच पोरं मांडीवरून उतरले पाह्यजे. मंग तुमी मोकळे आन् मी बी मोकळा." डॉक्टरच्या वीस शेरांना चारच पुरली असती, पण पाचवं त्यांनी आपल्याकडून जोडलं.

दुसऱ्या दिवसापासून बाळापूर रस्त्यावर आमची सकाळ सुरू झाली. त्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी कडुनिंब होते. मापारीभाऊंचा हिशेब सोपा होता, एका निंबापासून दुसऱ्यापर्यंत धावायचं आणि पुढचे तीन निंब चालायचं. मला वाटलं होतं, ते मला पळवून पळवून मारतील. उलट मीच जोरात सुटायचो आणि ते मागून हाक मारायचे, "बोला काहीतरी." बोलता येत नसे. मग ते म्हणायचे, चाला. टेलिफोन यायच्या आधी ते तरुणपणी कापसाचा भाव घेऊन बाजारापासून जिनांपर्यंत, म्हणजे सरकी काढायच्या गिरण्यांपर्यंत, धावायचे. भाव बरोबर सांगता यावा म्हणून दम शिल्लक ठेवून धावणं त्यांना शिकावं लागलं होतं. धापा टाकत पोचला तर आकडा चुकतो, असं ते सांगायचे.

त्यांनी दिलेले सल्ले मी अजून पाळतो. पहिले तीन आठवडे कुणालाही सांगायचं नाही की मी धावतो, कारण सांगण्यातच सगळी हौस फिटते. दमलात तर चाला, पण उभे राहू नका. एक दिवस चुकला तर चुकला, लागोपाठ दुसरा चुकवू नका. गुडघा दुखला तर रस्त्याची कड सोडून मातीवरून जा. ताटावर बसलात की पोट भरलं का हे पोटाला विचारू नका, त्याला उशिरा कळतं. अर्धी भाकर बाजूला काढून ठेवा, आंघोळ झाल्यावरही तिची आठवण आली तर खा. मला ती आठवण रोज यायची. हे त्यांना सांगितलं तर म्हणाले, "मी बी आजपासून अर्धी सोडतो, तुमच्या संगतीनं. एकट्याले उपाशी कावून ठेवावं?"

तो सोबतीचा शब्द मला तेव्हा फार गोड वाटला. आज जेवताना तो आठवला की मी हातातला घास खाली ठेवतो.

दोन महिन्यांत दोन पोरं उतरली. एकाच्या जागी दोन निंब धावायला लागलो आणि चालणं एकावर आलं. दर रविवारी उतरलेली पाचशेरी मापारीभाऊ मोठ्या इतमामानं कोपऱ्यात नेऊन ठेवत. माझी बायको पाटलोणी आत घेत होती. शिंप्याकडे न्यायची तिला लाज वाटायची, कारण लोक विचारतील की वकीलसाहेब आजारी आहेत का. लोकांचं लक्ष असतं हो. ते नेमकं जिथं हवं तिथं नसतं, एवढंच.

फाल्गुनात काटा अडला.

तिसरं पोर काही केल्या उतरेना. मी धावत होतो, भाकर सोडत होतो, कोर्टातल्या कचोरीवाल्याकडे पाठ करून बसत होतो, पण रविवारी दांडी जिथल्या तिथं. असे दोन महिने गेले. आणि चैत्र संपता संपता एक दिवस उलटंच झालं. दांडी माझ्या बाजूला कलली. मापारीभाऊ गुपचूप खाली उतरले, कोपऱ्यात गेले आणि उतरवलेली एक पाचशेरी परत मांडीवर घेऊन बसले. मला भर कोर्टात खाली मान घालायला लागल्यासारखं झालं.

"चोरून खाता का जी?" त्यांनी इतक्या मायेनं विचारलं की मला नाही म्हणता येईना. एका लग्नात दोन वाट्या शिरा खाल्ला होता, तेवढा कबूल केला. त्यांनी मान डोलावली. पण पाच शेर शिरा कुणी खातं का, हा प्रश्न आम्हा दोघांपैकी एकालाही पडला नाही.

घरी बायको म्हणायची की कमरेला आता चार बोटं कापड जास्त होतंय. मी तिच्यावर खेकसायचो. पाटलोणीचं ऐकायचं की काट्याचं? जो काटा चार प्रश्नांनी मला खोटा ठरवता आला नाही, त्याच्यावर माझा देवासारखा विश्वास बसला होता. एकदा मी म्हणालो, स्टेशनवर जाऊन वजन करून पाहू का? मापारीभाऊंनी मनाला लावून घेतलं. तो पार्सलांचा काटा, त्याला कोण विचारतं, असं म्हणाले. मी तो विषय सोडून दिला.

आता मी जे सांगतो, ते पाहणाऱ्याच्या डोळ्यांनी ऐका, कारण मी ते पाहिलं नाही. त्याच दिवसांत धावताना बोलायचं काम माझ्या एकट्याकडे आलं होतं. माझा श्वास चांगला बसला होता, मी खटल्यांच्या गोष्टी सांगत अर्धा मैल जायचो आणि मनातून खूश व्हायचो. ते उत्तर देत नाहीत हे मला ऐकू आलं नाही. पुढं पुढं ते तिसऱ्या निंबाखाली बसून राहायला लागले. "तुमी होऊन या, मी इथं हावो," म्हणायचे. मला वाटलं, चेला पास झाला. त्यांचा सदरा ढगळ होता आणि तो नेहमीच ढगळ असायचा. पोटावर हात दाबून बसायचे. विचारलं तर ओव्याची पुडी दाखवायचे, पित्त आहे म्हणायचे. माझं लक्ष होतं माझ्या पोटावर.

वैशाखात एका कामासाठी अमरावतीला गेलो, तेव्हा डॉक्टर मित्राकडे उतरलो. त्यानं काट्यावर उभं केलं आणि माझी पाठ थोपटली. सोळा किलो उतरलास, म्हणाला. मी म्हटलं, तुझा काटा बिघडलाय. त्यानं मला पुन्हा उभं केलं आणि आकडा चिठ्ठीवर लिहून दिला. मी तिथंच शेरांचा हिशेब केला. सतरा शेर उतरले होते. आणि अकोल्याचा काटा म्हणत होता, पाच.

येताना बसमध्ये मला आनंद होण्याऐवजी संताप येत होता. तीन महिने मी स्वतःला चोर समजत होतो. रविवारी शेडमध्ये शिरलो तोच मुळी आवाज चढवून. चिठ्ठी त्यांच्या हातात दिली आणि म्हणालो, "मापारीभाऊ, तुमचा काटा खोटा आहे."

कोर्टात चार वेळा विचारलं तेव्हा त्यांचा चेहरा हलला नव्हता. आता हलला. पण ते भांडले नाहीत. त्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली, खिशात ठेवली आणि कामाला लागले. रिकामी पारडी सोडून पाहिली, दांडी सरळ राहिली. पारड्यांची अदलाबदल केली, तरी सरळ. दोन्हीकडे एकेक पाचशेरी ठेवली, सरळ. एकीकडे अधमणी आणि दुसरीकडे चार पाचशेऱ्या ठेवल्या, तेही सरळ. मी बाजूला उभा राहून पाहत होतो. हे सगळं त्यांनी इतकं शांतपणे केलं की माझा राग उतरत गेला आणि त्याच्या जागी काय येतंय ते मला कळेना. काटा तपासून झाला होता, लोखंड तपासून झालं होतं. आता तपासायचं असं एकच काही उरलं होतं.

ते पारड्याच्या फळीवर बसले. तळहात आडवा धरला. तो सपाट व्हायला बराच वेळ लागला.

"काटा बरोबर हाये, वकीलसाहेब. वजनच खोटं निघालं."

मला तरीही कळलं नव्हतं. त्यांनी आपला सदरा पोटाजवळ मुठीत धरला. मूठ मिटली तरी कापड उरत होतं. "बारा शेर," ते स्वतःशीच म्हणाले. "माह्यातून बारा शेर गेले, आन् मले कोनी सांगतलं नाई."

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. नवल होतं. पण दर रविवारी त्यांच्या समोर, हातभर अंतरावर, त्यांच्या तोंडाकडे पाहत बसणारा माणूस मी होतो. सगळ्या जगात ते मला पहिल्यांदा दिसायला हवे होते. मी पारड्याखालचं अंतर मोजत बसलो. ही माझी चूक आहे, आणि आजवर कुठल्याही युक्तिवादानं मला तिच्यातून सोडवता आलेलं नाही.

दुसऱ्याच दिवशी त्यांना अमरावतीला नेलं. डॉक्टरनं पोट दाबून पाहिलं आणि मला एकट्याला आत बोलावलं. पोटात गाठ होती आणि ती बरीच वाढली होती. फाल्गुनात आणलं असतंस तर कापून पाहिलं असतं, तो म्हणाला. फाल्गुनात आम्ही तिसरं पोर उतरायची वाट पाहत होतो.

त्यांचं घर बाळापूर रस्त्याला लागूनच, निंबांची रांग संपते तिथल्या वस्तीत होतं. दीक्षेच्या वर्षी ते नागपूरला जाऊन आले होते. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती आणि खाली काच फुटलेला एक कंदील. एवढ्या दिवसांत मी त्या दाराशी पहिल्यांदाच गेलो. त्यांच्या बायकोनं मला बाज टाकून दिली आणि म्हणाली, "भाकर अर्धी टाकून उठत. इचारलं त म्हनत, वकीलसाहेबाच्या संगतीनं सोडून राह्यलो. मी म्हनलं, चांगली गोठ हाये."

मी धावणं सोडून दिलं. मन लागत नव्हतं. चौथ्या दिवशी त्यांनी बोलावणं पाठवलं. बाजेवर पडूनच त्यांनी मला फैलावर घेतलं. एक दिवस चुकला तर ठीक, लागोपाठ चार? पोरींचं काय? अजून तीन शेर उरले होते ना? मग म्हणाले, "माह्या दारावरून धावत जा. पन बोलत जा. मले आतून ऐकू आलं पाह्यजे, दम तुटते का नाई ते."

काय बोलू, असं मी विचारलं. ते हसले. "कोर्टात इचारलं होतं ते इचारा. मी उत्तर देतो."

त्या दिवसापासून रोज सकाळी मी शेवटच्या निंबापाशी आलो की मोठ्यानं उलटतपासणी सुरू करायचो. साक्षीदार, तुम्ही वजनं करायला लागून किती वर्षं झाली? काट्याला तेल कोण देतं? वस्तीतली माणसं दात घासता घासता थांबून पाहायची. एवढा मोठा वकील सकाळच्या पारी धोतर खोचून भिंतीशी भांडत जातो, याची त्यांना हळूहळू सवय झाली. दाराशी येईपर्यंत मी शेवटच्या प्रश्नावर आलेलो असे. तुमचा काटा खोटा आहे, हे खरं की नाही? आणि आतून, अगदी सपाट आवाजात, उत्तर यायचं, "काटा खरा हाये, साहेब."

आषाढ गेला. श्रावणात ते उत्तर दोन श्वासांत यायला लागलं, पोळ्याच्या सुमाराला तीन. त्यांचं बोलणं तुटत होतं आणि माझं तुटत नव्हतं. मी मुद्दाम सावकाश धावायचो, म्हणजे त्यांना तयार व्हायला वेळ मिळावा. तरी आत गेलो की ते विचारायचे, आज हळू कावून धावले? त्यांना सगळं ऐकू यायचं.

भाद्रपदात अमरावतीला जाऊन वजन करून आलो. वीसच्या वीस शेर उतरले होते. ही बातमी मी दारावरून ओरडून सांगितली नाही, आत जाऊन सांगितली. त्यांनी माझा हात धरून आपल्या तळहातावर ठेवला आणि तो जरा इकडे, जरा तिकडे कलवून पाहिला. "पाचही पोरं उतरले," म्हणाले. पाच नव्हे, चार, असं मी म्हणालो. त्यांनी डोळे मिटले होते, त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे.

नंतर पाच-सहाच दिवसांनी मी दाराशी येऊन प्रश्न विचारला आणि उत्तर आलं नाही. मी जागच्या जागी पावलं टाकत पुन्हा विचारला. तिसऱ्यांदा विचारला तेव्हा त्यांची बायको दारात आली. ती रडत नव्हती. ती मला म्हणाली, "आता नका इचारू, भाऊ." त्यांना नेताना मी खांदा दिला. त्या रविवारी उरलेले अठ्ठेचाळीस शेरसुद्धा आता राहिले नव्हते.

बेचाळिसावं वर्ष मला येऊन गेलं, त्यालाही आता फार वर्षं झाली. दोन्ही मुलींची लग्नं मी उभं राहून लावली. कापूस बाजारातला तो काटा गेला, त्या अधमणीचं आणि पाचशेऱ्यांचं काय झालं ते मला माहीत नाही. रस्ता रुंद झाला तेव्हा बरेचसे निंबही तोडले. मी अजून धावतो, म्हणजे म्हाताऱ्या माणसाला जमेल तसा. त्या घराशी आलो की प्रश्न विचारतो, आता मनातल्या मनात. आणि तीन श्वासांत उत्तर यायला जेवढा वेळ लागतो, तेवढा तिथून चालत जातो.